छातीवरली नात

फोन वाजला तेव्हा चिंधा कपाशीच्या ओळीत कमरेपर्यंत बुडालेला होता. बोंडं सगळी एकदम फुटली होती आणि मावळतीकडे ढग जमत होते. दिवाळी होऊन गेली तरी आभाळ यंदा साफ होत नव्हतं. पावसाआधी जेवढं घरात येईल तेवढं आपलं, म्हणून नवरा-बायको उजाडल्यापासून वेचणीला भिडले होते. बायडाबाई दोन ओळी पुढे होती. ती नेहमीच पुढे असायची. तिची बोटं बोंडात गेली की कापूस काडीकचरा न घेता अलगद बाहेर यायचा, चिंध्याच्या मुठीत मात्र निम्मी पानं यायची.

"आबा, ममताचं बीपी चढलं," मशिनांच्या घरघरीत पोराचा, वाल्मिकचा आवाज तुटत होता. "पायांवर सूज आली. मंजुषाभाभी तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणतात ठेवून घ्यावं लागेल."

"अरे, पण दिवस कोठे भरले अजून?"

"म्हणून तर म्हणू राहिलो. पोटात जुळं शे. तुम्ही दोघं निघा."

चिंध्यानं फोन खिशात घातला, आभाळाकडे बघितलं, मग शेताकडे. बायडाबाईनं तोवर कमरेची झोळी सोडली होती.

"पाह्यता काय असं? कापूस काय पळून जाऊ राहिला?"

"पाऊस आला तर पळूनच जाईल."

"मग जाऊ दे," ती म्हणाली आणि बांधाकडे चालू लागली.

शेत पुतण्याच्या, कल्पेशच्या हवाली करून दोघं दोंडाईच्याला आले, तिथून सुरतेच्या गाडीत बसले, मग वापी, आणि वापीहून रिक्षानं सिल्वासा. मुलगा तिथल्या मसाट गावच्या दोऱ्याच्या कंपनीत लागल्यापासून चिंधा एकदाच इकडे आला होता. चाळीतली ती एक खोली, भिंतीपलीकडे कायम चाललेली मशिनं, अंगणात बाज टाकायला जागा नाही. परत पाय ठेवायचा नाही असं तो तेव्हा म्हणाला होता. आता रिक्षा गल्ल्यागल्ल्यांतून उडत होती आणि तोच ड्रायव्हरला म्हणत होता, "भाऊ, जरा जल्दी."

मोठ्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात ममता ट्रॉलीवर होती. शेजारीण मंजुषा तिचे पाय दाबत होती. सासऱ्याला बघून ममतानं सुजलेल्या हातानं पदर कपाळावर ओढला. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण सून चिंध्याशी समोरासमोर एक शब्द बोललेली नव्हती. त्यांच्या घरात ती रीतच होती. त्याला चहा हवा का हे ती सासूला विचारायची आणि तो हो म्हणाला हे सासूच तिला सांगायची.

डॉक्टरीण आल्या. अदिती मॅडम, नाशिककडच्या. तरुण होत्या, पण बोलणं शांत आणि सरळ.

"पहिलं बाळ आडवं आहे. दुसऱ्याची वाढ कमी आहे. बीपी औषधानं उतरत नाही. थांबलो तर तिघांनाही धोका. आत्ताच सीझर करावं लागेल."

बायडाबाई पुढे झाली. "मॅडम, पोट फाडायचं म्हणजे... मी आमच्या गल्लीत किती बाळंतपणं केली. आडवं लेकरू चोळून चोळून सरळ होतं."

"एक असतं तर मीही प्रयत्न केला असता, आजी. इथं दोघं आहेत, फिरायला जागाच नाही."

बायडाबाईनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं वाल्मिककडे. वाल्मिक कंपनीच्या निळ्या शर्टात तसाच धावत आला होता. केसांत दोऱ्याचा भुसा होता. तो भिंतीकडे बघत राहिला.

तेवढ्यात ट्रॉलीवरून आवाज आला. "पोट माझं आहे ना, आई? मी हो म्हणते. मॅडम, न्या मला."

चिंध्याला क्षणभर कळलंच नाही कोण बोललं. सुनेचा आवाज एवढा ठणठणीत आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

दार लागलं. बाहेरच्या बाकावर बायडाबाई ओठ हलवत जप करत बसली. वाल्मिक उठत होता, बसत होता. चिंधा जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. मग आतून एक रडणं आलं. असं खणखणीत की व्हरांड्यातले अनोळखी लोकही हसले.

"आलं एक!" मंजुषानं टाळी वाजवली.

दुसऱ्या रडण्याची वाट बघत सगळे थांबले. ते आलंच नाही. दार उघडलं, हिरव्या कपड्यातली एक सिस्टर छातीशी गाठोडं धरून झपाझप चालत गेली आणि समोरच्या काचेच्या दारात शिरली. गाठोड्याबाहेर एक पाऊल आलं होतं. चिंध्याला एवढंच दिसलं, एक जांभळट पाऊल, त्याच्या अंगठ्यापेक्षा थोडंसं मोठं.

"पोरगी का पोरगा?" बायडाबाईनं विचारलं.

"दोन्ही मुली," मागून मॅडम बाहेर आल्या. कपाळावर घाम होता. "आई ठीक आहे. थोरली एकदम छान, दूध ओढायला लागेल. धाकटीचं वजन कमी आहे आणि श्वास जोरात चाललाय. बघा, बाळ आपल्या वाटेनं येतं तेव्हा फुफ्फुसातलं पाणी बरंचसं पिळून निघतं. ऑपरेशनमध्ये तसं होत नाही, त्यात ही वेळेआधीची. म्हणून तिला थोडे दिवस नळीतून हवेचा आधार द्यावा लागेल. बहुतेक बाळं यातून बाहेर येतात."

"बहुतेक," चिंधा स्वतःशीच म्हणाला.

मग एक वेगळाच दिनक्रम लागला. बायडाबाई वॉर्डात ममताजवळ. थोरली तिथंच, आईच्या कुशीत, भूक लागली की सगळा वॉर्ड डोक्यावर घेणारी. धाकली काचेपलीकडे पेटीत, नाकात नळ्या, छातीचा भाता वरखाली. ममताला उठवत नव्हतं. खोकला आला तरी पोटावर उशी दाबून धरावी लागायची. पण दर थोड्या वेळानं ती उठून बसायची आणि दात आवळून वाटीत दूध काढायची. बायडाबाई ती वाटी पदराखाली झाकून काचेच्या दारापर्यंत न्यायची. सिस्टर ते दूध नळीतून धाकलीच्या पोटात सोडायची. पहिल्या वेळी वाटीचा तळही झाकला नव्हता.

"एवढंसं?" बायडाबाई खजील झाली.

"तिचं पोट तरी केवढं आहे?" सिस्टर म्हणाली. "हे पिवळं दूध म्हणजे सोनं आहे, आजी. सांडू नका."

ही सुवर्णा सिस्टर. तलासरीकडची. आवाज रागीट, हात लोण्यासारखे.

वाल्मिकला ऑपरेशनच्या दिवसाची सुट्टी मिळाली, मग सुपरवायजरचा फोन आला. सणाला गावी गेलेले कामगार परत आले नव्हते, मशिनं उभी होती. "आज आला नाहीस तर उद्या येऊच नकोस," असं तो म्हणाला. वाल्मिक तोंड पाडून कामावर गेला. सकाळी जाताना काचेतून बघायचा, संध्याकाळी येऊन पुन्हा बघायचा.

राहिला चिंधा. त्याला कामच नव्हतं. दारावरचा गार्ड दर वेळी हात आडवा करायचा. "दादा, जेन्ट्स बहार. लेडीज वॉर्ड छे." चिंधा मुकाट्यानं पायरी उतरायचा आणि अंगणातल्या बदामाखाली बसायचा. आयुष्यात तो कधी असा रिकामा बसला नव्हता. हातांना काहीतरी हवं म्हणून त्यानं थोरलीचे लंगोट धुवायला घेतले. नळावर दोन-तीन बाप्ये बघून हसले. एकानं विचारलं, "काका, घरात बाई नाही?" चिंध्यानं लंगोट असा काही पिळला की त्या माणसावर पाणी उडालं.

एका सकाळी बायडाबाई बाहेर आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. "धाकलीचं वजन अजून घटलं."

"काबरं? दूध तर जातंय."

"मॅडम म्हणते पहिल्या दिवसांत सगळ्यांचं घटतं. पण त्या थोरलीचं एवढं नही घटलं." ती त्याच्याजवळ खाली बसली. "मी काय म्हणते, हिचं नाव धोंडी ठेवू. नाहीतर दगडी. असं नाव असलं की नजर लागत नही, लेकरू टिकतं."

चिंध्यानं हातातला ओला लंगोट मांडीवर ठेवला. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. तो झाला तेव्हा आईनं त्याला नवं कापड लावलंच नाही, जुनेऱ्याच्या चिंध्यांत गुंडाळला आणि नावही तेच ठेवलं.

"मास्तर हजेरी घ्यायचा ना," तो म्हणाला, "चिंधा म्हटलं की सगळी पोरं माझ्या फाटक्या चड्डीकडे बोट दाखवायची. लग्नात तुझ्या भावांनीही चेष्टा केली होती. मी जगलो तो मायच्या दुधावर जगलो. हिले चांगलं नाव ठेवायचं. ममताले विचार, ती म्हणेल ते."

बायडाबाई आत गेली आणि थोड्या वेळानं दारातूनच ओरडली, "थोरली अमृता, धाकली प्राजक्ता! ममतानं कधीचं ठरवून ठेवलंय!"

"आता कसं," चिंधा म्हणाला आणि उठून उरलेले लंगोट वाळत घालायला गेला.

प्राजक्ताच्या नाकातल्या हवेच्या नळ्या निघाल्या त्या दिवशी वाल्मिकनं संध्याकाळी येताना सगळ्या सिस्टरांसाठी जिलबी आणली. श्वास ठिकाणावर आला होता. आता प्रश्न उबेचा आणि वजनाचा होता. पेटीतून काढलं की पोरगी थंड पडायची, थंड पडली की दूध ओढायचं विसरायची. मॅडमनी सांगितलं, आता हिला छातीवर ठेवायचं. कपड्याशिवाय, कातडीला कातडी लावून, दिवसभरात जेवढा जास्त वेळ जमेल तेवढा. ममतानं तिला घेतलं. पहिल्या दिवशी आई आणि लेक दोघी तशाच झोपून गेल्या, आणि बायडाबाई सांगत होती की पोरीचा रंग बदलला, कोवळ्या पानासारखा झाला.

पण दुसऱ्या दिवशी ममताला ताप भरला. टाक्यांत थोडा पू झाला होता. इंजेक्शनं सुरू झाली, थंडी वाजून ती कुडकुडत होती. त्यातच बायडाबाईला प्रवासातली सर्दी छातीत उतरली. ती खोकली तशी सुवर्णा सिस्टरनं तिला सरळ दाराबाहेर काढलं.

"खोकला जाईपर्यंत त्या बाळाजवळ यायचं नाही. मुलीचा बाप कुठंय?"

"ड्युटीवर."

"मग आणखी कोण?"

बायडाबाईनं बदामाकडे बोट दाखवलं. तिथं चिंधा गार्डला तंबाखू मळून देत होता.

सिस्टर पायऱ्या उतरून आली. "बाबा, नातीला छातीवर घ्यायचंय. घ्याल का?"

चिंध्याला वाटलं तिनं दुसऱ्या कोणाला विचारलं. त्यानं मागे वळून बघितलं.

"तुम्हालाच विचारतेय. अंगात ऊब आहे ना? तेवढीच लागते."

"बाई, मी... बाप्या माणूस."

"बाळाला काही कळत नाही त्यातलं. तिकडे नळ आहे, साबण घ्या, छाती, हात, मान स्वच्छ धुवा. नखं काढा. आणि ही तंबाखू इथंच. बाळ घरी जाईपर्यंत तोंडात घालायची नाही."

चिंध्यानं चंची गार्डच्या हातात ठेवली. "घे. तुलेच झाली."

बायडाबाई मागून धावत आली, खोकत खोकत. "अहो, आत सून शे! सुनेपुढे उघडे बसणार का तुम्ही? लोक काय म्हणतील?"

त्याचाही पाय तिथंच अडकला. गावात तो सून दारात असली तर बाहेरून खाकरून मगच ओसरीत यायचा. सुनेसमोर डोक्यावरची टोपीसुद्धा त्यानं कधी उतरवली नव्हती. तो सिस्टरकडे बघत उभा राहिला.

"पडदा लावते मी मध्ये," सिस्टर म्हणाली. "पण लवकर ठरवा. पोरगी गार पडते आहे."

त्या शेवटच्या शब्दांनी चिंधा हलला. नळावर त्यानं छाती अशी घासली जशी पोळ्याला बैलाची पाठ घासतो. मंजुषा डबा घेऊन आलेली, तिनं पर्समधून नेलकटर काढून दिलं. कपाशीच्या रसानं काळी पडलेली नखं निघाली. सिस्टरनं त्याला पुढून उघडा असा हिरवा झगा घातला, टोपी उतरवून दुसरी पातळ टोपी चढवली. गार्डनं या वेळी हात आडवा केला नाही. उलट दार धरलं.

खोलीत मागे कलणारी खुर्ची होती. पडद्यापलीकडे ममता पडून होती, तिच्या कण्हण्याचा आवाज येत होता. चिंध्यानं सवयीनं खाकरलं. पलीकडे बांगड्या वाजल्या. पदर ओढला गेला असावा.

मग सिस्टरनं ती आणली. डोक्यावर लोकरीची टोपी, पायात मोजे, एवढासा लंगोट, बाकी उघडी. "बाबा, घाबरू नका," म्हणत तिनं पोरगी त्याच्या छातीवर उभी टेकवली, पाय बेडकासारखे दुमडले, मान एका बाजूला वळवली आणि वरून रुंद पट्टा बांधला.

चिंध्यानं श्वास रोखून धरला.

"श्वास घ्या!" सिस्टर ओरडली. "तुमचा श्वास ऐकूनच ती श्वास घेणार आहे."

त्यानं हळू श्वास सोडला. त्याच्या राखाडी केसांच्या छातीवर ते गारसं काहीतरी होतं, ओल्या कापसाच्या पुंजक्याएवढं जड. त्यानं स्वतःच्या चार पोरांपैकी एकालाही मान धरायच्या आधी हातात घेतलं नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत बाप्यानं जायचं नसतं. तो बाहेर सरपण फोडायचा, आतून बायका सांगायच्या, झालं. वाल्मिक त्याला पहिल्यांदा कळला तो रांगत त्याच्या चपलेपर्यंत आला तेव्हा.

हळूहळू गारवा गेला. मग त्याला जाणवलं की दोघांमध्ये कोण कोणाला ऊब देतंय ते सांगता येत नाही. पोरीनं एक सुस्कारा टाकला, अगदी म्हातारीसारखा. तिचे ओठ त्याच्या कातडीवर काहीतरी शोधत हलले.

"ओ सिस्टर," तो कुजबुजला, "ही... ही दूध पाह्यते!"

सिस्टर हसू दाबत म्हणाली, "तिथं काही नाही मिळायचं म्हणावं. पण चांगलं आहे, भूक लागली तिला."

त्या दिवसापासून बदामाखालची जागा रिकामी झाली. चिंधा सकाळी आंघोळ करून आत बसायचा, ममताचा ताप तपासायची वेळ येईपर्यंत, मग जेवून पुन्हा. शेजारच्या खुर्चीत सुरंगी गावची एक बाई आपल्या कमी दिवसांच्या मुलाला घेऊन असायची. तिचा नवरा आधी दाराच्या काचेतून चिंध्याकडे बघून हसला. दोन दिवसांनी तोच छाती घासून, झगा घालून तिसऱ्या खुर्चीत येऊन बसला. दोघे बाप्ये एकमेकांकडे न बघता छताकडे बघत बसायचे. मग हळूच तो विचारायचा, "तुमची ढेकर देते का?" चिंधा सांगायचा, "देते. पाठीवरून असा हात फिरवायचा, वरती."

गावात चिंध्याचा आवाज दोन शेतं ओलांडून जायचा. कल्पेशचा फोन आला तेव्हा तो पोरीला घेऊन बसला होता आणि सिस्टरनं फोन कानाशी धरून दिला.

"काका, पाऊस झाला! खालचा तुकडा सगळा भिजला. वरचा अजून बरा, पण वेचायला माणसं मिळत नहीत. काय करू?"

एरवी अशा वेळी चिंध्यानं आभाळापासून कल्पेशपर्यंत सगळ्यांना शिव्या घातल्या असत्या. आता त्यानं पोरीच्या टोपीकडे बघितलं आणि ओठ जेमतेम हलवत म्हटलं, "भिजला तर भिजला. सुकू दे झाडावरच. मग वेच."

"काका, तब्येत बरी शे ना? आवाज कसा झाला?"

"पोरगी झोपली," चिंधा म्हणाला.

पडद्यापलीकडे कोणीतरी हसलं. टाके दुखतील म्हणून तोंड दाबून हसल्यासारखं.

ताप उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारी वॉर्ड शांत होता. थोरली पिऊन झोपली होती. सिस्टर औषधं आणायला गेली होती. चिंध्याला बसल्या बसल्या डुलकी लागली आणि छातीवरच्या पोरीची मान हळूच पुढे कलली, हनुवटी छातीत रुतली. पडदा एका बाजूनं सरकलेला होता. ममता उठून बसली होती, आणि तिला ते दिसलं.

खोलीत तिसरं कोणी नव्हतं. सासूला हाक मारावी तर ती बाहेर. ममतानं एकदा दाराकडे बघितलं.

"मामंजी!"

चिंधा दचकून जागा झाला.

"मामंजी, तिची मान. जरा वर करा. श्वास कोंडेल तिचा."

त्यानं बोटानं हनुवटी वर केली. पोरीनं नाक फेंदारलं, श्वास घेतला, पुन्हा झोपली. मग त्याच्या लक्षात आलं की तो सुनेसमोर उघड्या छातीनं बसलाय, डोक्यावर ती बावळट पातळ टोपी, आणि सुनेच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आलाय. तिनं तो वर घेतला नाही.

"बरी आठवण केली, पोरी," तो म्हणाला. "मी झोपलो होतो."

"थकले असाल तर द्या माझ्याकडे. ताप गेला माझा."

"नही, नही, असू दे. तुझं पोट दुखंल." मग त्यानं विचारलं, "पाणी पिशील? सिस्टरले सांगतो."

"तुम्ही पिता का?"

"मी? हो. तहान तर लागली."

पोटाशी हात धरून ममता हळू उठली. भिंतीला धरून चार पावलं आली आणि तिनं पाण्याचा ग्लास सासऱ्याच्या तोंडाला लावला, कारण त्याचे दोन्ही हात पट्ट्याखाली गुंतले होते. थोडं पाणी दाढीवरून ओघळलं. तिनं पदरानं पुसलं. बायडाबाई नेमकी दारात येऊन उभी राहिली होती. तिला खोकला आला म्हणून ती परत फिरली, असं तिनं नंतर सांगितलं. पण खोकल्याचा आवाज कोणी ऐकला नाही.

मग वजन चढायला लागलं. रोज सकाळी काट्यावर ठेवलं की चिंधा काचेला नाक लावून उभा राहायचा, जसा कापूस विकताना जिनिंगमध्ये आपल्या गाडीच्या मापाकडे बघतो. प्राजक्ता आधी पळीनं दूध प्यायला लागली, मग आईच्या अंगावर. पहिल्यांदा नीट ओढलं तेव्हा ममता रडली आणि थोरलीनंही तिच्या जोडीला सूर धरला. अदिती मॅडम राउंडला आल्या, त्यांनी दोघींचे डोळे, कान, छाती तपासली, चिंध्याकडे वळून म्हणाल्या, "बाबा, पेटीपेक्षा तुम्ही बरे. लाइट गेली तरी बंद पडत नाही." चिंध्यानं डोक्यावरची पातळ टोपीच उतरवून पुन्हा घातली.

घरी सोडलं त्या दिवशी मसाटच्या चाळीत मंजुषानं दारात रांगोळी काढली होती. वाल्मिक ड्युटीवरून सरळ धावत आला. सुपरवायजरनं त्याला तासभर आधी सोडलं होतं, आणि दोन झबल्यांची पिशवीही दिली होती. शेजारच्या बिहारच्या, ओडिशाच्या बायका एकामागून एक येऊन बघून गेल्या. "दोनों लड़की?" एकीनं जरा हळहळून विचारलं. "दोनों," चिंधा म्हणाला, "और दोनों का बाल घुँघराला. देखो." आणि त्यानं लोकरीची टोपी बोटभर वर करून दाखवली.

ममताची आई लहानपणीच गेलेली. त्यामुळे बायडाबाई इथं राहणार आणि चिंधा शेताकडे जाणार हे सगळ्यांनी न बोलता धरूनच ठेवलं होतं. ऊन पडलं होतं. वरच्या तुकड्यातला कापूस सुकून पुन्हा फुलला होता, कल्पेशचे फोनवर फोन येत होते. सकाळी वाल्मिकनं वापीसाठी रिक्षा बोलावली. बायडाबाईनं नवऱ्याच्या पिशवीत भाकरी बांधून दिल्या.

चिंधा उंबऱ्यात उभा होता. अंगावर शाल, शालीच्या आत प्राजक्ता. जायच्या आधी शेवटचं म्हणून त्यानं तिला घेतलं होतं.

"द्या आता तिले इकडे," बायडाबाई म्हणाली. "रिक्षा उभी शे."

तो हलला नाही.

"अहो!"

"तू जाय," चिंधा म्हणाला.

"काय?"

"वेचणीले तू माझ्या दुप्पट. मी गेलो तर निम्मा पाला घरात आणीन. तू जाय, कापूस काढ, मग ये. इथं मी शे."

"आणि बाळंतिणीचं कोण करील? आंघोळी, शेक?"

"ते मी करते, मावशी," शेजारच्या दारातून मंजुषा म्हणाली. "दोन पोरं इथंच काढली मी, सगळं येतं मला."

"स्वयंपाक?"

"वाल्मिक करतो की," चिंधा म्हणाला. वाल्मिकनं मान हलवली, मग नीट कळल्यावर पुन्हा जोरात हलवली.

बायडाबाईनं सुनेकडे बघितलं. ममता खाटेवर थोरलीला पाजत होती. "राहू द्या ना त्यांना, आई," ती म्हणाली. "प्राजू त्यांच्याकडेच नीट झोपते."

"गावात काय सांगू मी? लोक विचारतील, नवरा कोठे ठेवला?"

चिंध्यानं जरा विचार केला.

"सांग, चिंध्याले सिल्वासात नोकरी लागली."

आधी मंजुषा फुटली, मग वाल्मिक, मग रिक्षावालाही, ज्याला निम्मंच कळलं होतं. ममता पोट धरून "नका ना हसवू, नका ना" म्हणत राहिली. बायडाबाईनं तोंडाला पदर लावला होता, पण खांदे हलत होते. तिनं भाकरींची पिशवी उचलली, दोन्ही नातींच्या टाळूवर बोटं टेकवली, आणि जाता जाता शालीचा सुटलेला कोपरा नवऱ्याच्या खांद्यावर नीट खोचला.

"ड्युटीवर झोपू नका," ती म्हणाली.

रिक्षा कंपन्यांच्या भिंतींमधून धूळ उडवत वळणाकडे निघाली. बायडाबाईनं मागच्या बाजूनं डोकं बाहेर काढून हात हलवला. चिंध्याचे दोन्ही हात शालीत गुंतलेले होते. त्यानं तिथूनच मान डोलावली आणि मग, बाईनं नीट बघावं म्हणून, पोरीसकट एक पाऊल उन्हात पुढे आला.